डाव्या हातानं जेवणारा नायक

शुक्रवारचा पहिला खेळ सुटायच्या आत ज्या सिनेमाचं परीक्षण लोकांच्या मोबाइलवर येऊन पडतं, त्या परीक्षणावर माझा काडीचा विश्वास नाही. आणि साठ वर्षांपूर्वीच्या सिनेमाला जो माणूस पहिल्याच ओळीत 'अभिजात' म्हणून मोकळा होतो, त्याच्यावर तर त्याहून कमी. नव्या सिनेमाला तारे वाटताना परीक्षक निदान घाबरतो. लोक उद्या तिकीट काढून बघतील आणि आपल्याला शिव्या घालतील, एवढी तरी धास्ती त्याला असते. जुन्याला ती नाही. जुना सिनेमा कुणी बघत नाही, सगळे वाखाणतात. मी स्वतः नांदेडच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत वर्षानुवर्षं सिनेमावर लिहीत आले आहे. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात.

या सगळ्या बाजारात ज्यांच्यावर मी कधी संशय घेतला नाही, असे एकच गृहस्थ होते. ते लातूरचे माझे सर. लातूरच्या कॉलेजात त्यांनी मला मराठी शिकवलं, आणि मराठीच्या तासाला सिनेमा शिकवला. मूळचे रेणापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. मुंबई-पुण्याच्या मासिकांत लिहायचे, पण लातूर कधी सोडलं नाही. नवा सिनेमा ते दोनदा बघत, एकदा पुढच्या रांगेतून आणि एकदा मागच्या. जुन्याबद्दल त्यांचं म्हणणं वेगळं होतं. जुना सिनेमा आधीच पास झालेला असतो, आता पेपर आपला असतो, असं ते म्हणायचे.

त्यांचा एक शब्द मात्र मला तेव्हाही खुपायचा. तो शब्द 'बायकी'. ज्या सिनेमात रडारड जास्त, सासू-सून जास्त, पदर डोळ्याला जास्त, तो बायकी. तिथं विषय संपला. मी लिहिलेल्या परीक्षणात "इथे मला रडू आलं" असं वाक्य असलं, की सर ते लाल शाईनं खोडायचे आणि समासात लिहायचे, "रडून झाल्यावर लिहा." मी निमूट शिकले. माझ्या लेखांत कुणी रडत नाही, म्हणून माझं कौतुकही झालं.

सरांचं नाव झालं ते एका लेखामुळं. एका जुन्या कृष्णधवल मराठी सिनेमाच्या शेवटावर त्यांनी तरुणपणी तो लिहिला होता. सासरच्यांनी हाकलून दिलेली बाई शेवटी गाव सोडते. मोकळं माळरान, एक बैलगाडीची वाट, आणि ती एकटी चालत पडद्याबाहेर जाते. सगळे म्हणायचे, शेवट गोड आहे, बाई सुटली, नव्या आयुष्याकडे निघाली. सरांनी लिहिलं, की शेवट अजिबात गोड नाही. ती उजवीकडून डावीकडे चालते. आपला डोळा डावीकडून उजवीकडे वाचतो, आपल्याला उजवीकडे जाणारा माणूस पुढे जाताना दिसतो. दिग्दर्शकानं तिला मुद्दाम उलट चालवलं आहे. ती सुटलेली नाही, ती मागं फिरली आहे. लेखाच्या सुरुवातीला एवढंच लिहिलं होतं, की हा सिनेमा त्यांनी लहानपणी माहूरला दत्तजयंतीच्या जत्रेत, तंबूत पाहिला आणि तो शेवट डोळ्यापुढून कधी हलला नाही.

लेख गाजला. सिनेमा कुठं बघायला मिळत नव्हता, त्यामुळं लेख आणखीच गाजला. पुण्याच्या एका बड्या समीक्षकानं पुढं लिहिलं, की एका महोत्सवात तो सिनेमा बघताना ती बाई उजवीकडून डावीकडे निघाली आणि आपला कंठ दाटून आला. आमच्या नांदेडच्या फिल्म सोसायटीत तर हा लेख गीतेसारखा वाचला जायचा. एक निवृत्त मास्तर तेवढे कुरकुर करायचे. "आमचे आजोबा उर्दू शाळेतले. त्यांना तर उजवीकडून डावीकडं जाणंच पुढं जाणं. मग त्यांच्यासाठी शेवट गोड की कडू?" सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण मास्तरांना सिनेमापेक्षा सिनेमानंतरच्या भज्यांत रस आहे असं माझं ठाम मत होतं.

मागच्या वर्षी त्या सिनेमाची स्वच्छ केलेली प्रत कुठूनतरी उपलब्ध झाली आणि सरांच्या लेखसंग्रहाची नवी आवृत्तीही निघायची होती. सोसायटीनं ठरवलं, दोन्ही एकत्र करू. नांदेडला सिनेमा दाखवायचा, सरांचा सत्कार करायचा, आणि त्या लेखावर मी बोलायचं. मला आनंद झाला. तयारीसाठी सोसायटीनं मला सिनेमा आधीच पाठवून दिला.

एका दुपारी मी तो घरी लावला. आई माझ्याकडेच राहते. तिचं माहेर माहूरजवळचं. तिनंही हा सिनेमा लहान असताना जत्रेतल्या तंबूत पाहिलेला, म्हणून तीही लसूण सोलायचं ताट घेऊन समोर बसली. सिनेमा चांगलाच होता. मी मात्र शेवटाची वाट बघत होते. माळरान आलं. वाट आली. बाई निघाली. डावीकडून उजवीकडे.

मी मागं घेऊन पुन्हा लावलं. डावीकडून उजवीकडे. तिसऱ्यांदाही ती तशीच गेली.

पहिला संशय मला त्या प्रतीचा आला. स्वच्छ करताना कुणीतरी उलटी केली असेल. मग मी चित्रातलं एकेक तपासलं. बाजाराच्या दृश्यातली दुकानावरची पाटी सरळ वाचता येत होती. हवालदाराच्या सदऱ्याचा खिसा डावीकडं होता. प्रत बरोबर होती. म्हणजे सर चुकले होते. आणि साधीसुधी चूक नव्हती, ज्या एका गोष्टीवर सगळा लेख उभा, तीच उलटी. एखादा बारीक तपशील उलटा आठवणं मी समजू शकते, पण ज्या चालण्यावर माणसानं पानंच्या पानं लिहिली, ते चालणं उलटं?

मग माझ्या डोक्यात नको ते सगळं यायला लागलं. सरांनी हा सिनेमा पाहिलाच नसेल. कुणाकडून तरी ऐकून, कुठल्यातरी परभाषेतल्या पुस्तकातली कल्पना उचलून या सिनेमाला चिकटवली असेल. जत्रेचा तंबू ही तर किती सोयीची जागा, पुरावा शून्य. आणि तो पुण्याचा समीक्षक! त्याचा कंठ कशानं दाटला? त्यानं सिनेमा पाहिला तेव्हा बाई त्याच्यासमोरून उजवीकडे गेली असणार, आणि त्यानं लेखाबरहुकूम तिला डावीकडे जाताना बघितलं. मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. सरांचा तो लेख खोटा असेल, तर ज्या माणसानं मला बघायला शिकवलं त्यानं स्वतः काय बघितलं होतं?

मी या विचारात असताना आईचं वेगळंच चाललं होतं. तिनं लसणाचं ताट बाजूला सारलं आणि फर्मान काढलं, "ह्यो त्यो सिनेमा न्हाई."

"अगं, तोच आहे. नाव तेच, बाई तीच."

"बाई तीच आसंल. सिनेमा बदलून टाकलाय मेल्यांनी. आमच्या टायमाला त्यो हिरो डाव्या हातानं जेवत व्हता."

"काहीतरीच!"

"काहीतरी कसं? साऱ्या बाया हासल्या व्हत्या. माझी मोठी काकी म्हणली, येवढा साहेब अन् डाव्या हातानं भाकर खाऊन राहिला. मंग कुणीतरी म्हणलं, शहरात तसंच खातेत. आमी लई दिवस तेच खरं मानून चाललो. अन् ती बाई मारवाड्याची व्हती. उजव्या खांद्यावर पदर हुता तिचा. हिचा बघ, डाव्या खांद्यावर. ही कोणतरी दुसरीच हाय."

मी सिनेमा बंद केला. मग विचारलं, "आई, तुम्ही तंबूत बसायच्या कुठं?"

"कुठं म्हंजे? बायांच्या बाजूला."

"ती कुठली बाजू?"

मी इतकी कशी अडाणी, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं. मग सांगितलं. तंबूच्या मधोमध पडदा असायचा. मशीन पुरुषांच्या बाजूला. बाया पडद्याच्या पलीकडच्या अंगाला बसायच्या, म्हणजे कुणाची नजर नको. पडद्यावर बादलीनं पाणी मारायचे, मग चित्र आरपार उतरायचं. पलीकडं जे दिसायचं तेच अलीकडंही दिसायचं.

"तेच कसं दिसेल? उलटं दिसेल ना. अक्षरंसुद्धा उलटी दिसत असतील."

"आमाला कुठं वाचाया येत व्हतं?" आई म्हणाली. "उलटं का सुलटं, अक्षर ते अक्षर."

मी उठून सरांचा संग्रह काढला. तो लेख मला तोंडपाठ होता असं मी समजत होते. दुसऱ्या पानावर, बाई निघते त्या वर्णनात एक वाक्य होतं: "जाताना ती उजव्या खांद्यावरचा पदर सावरते." इतकी वर्षं हे वाक्य माझ्या डोळ्याखालून गेलं होतं. आयुष्यभर डाव्या खांद्यावर पदर घेणाऱ्या मला, एका मराठी बाईला, ते कधी खटकलं नव्हतं.

उचललेल्या कल्पनेत पदर कशाला येईल? सरांनी सिनेमा पाहिला होता. तंबूतच पाहिला होता. आणि बायकांच्या बाजूनं पाहिला होता.

मला इतका आनंद झाला की मी आईचे गाल ओढले. सर चोर नव्हते. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं होतं, त्यांच्या बाजूनं ती बाई खरोखरच मागं फिरली होती. मला वाटलं, त्या लेखावर आजवर झालं नाही असं भाषण आता होईल. एकाच पडद्याच्या दोन बाजूंना दोन सिनेमे. पुरुषांच्या बाजूला बाई सुटते. बायकांच्या बाजूला सुटत नाही. असला मुद्दा समीक्षकाला जन्मात एकदा मिळतो, आणि तो अलगद आमच्या तंबूतून निघाला होता. हे सरांना फोनवर सांगायचं नव्हतं. मी सकाळची एसटी धरली आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला गेले.

सर आता थकले आहेत. हॉलमध्ये खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या बाईंनी, चहा टाकला. मी उत्साहानं सगळं सांगत सुटले. प्रत, पाटी, हवालदाराचा खिसा, आईचा डाव्या हाताचा हिरो. सर हिरोच्या जेवणावर मोठ्यानं हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला.

"हे कोणाकोणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही. आधी तुम्हाला सांगायला आले."

"बरं केलंस." मग खिडकीकडं तोंड वळवून म्हणाले, "मी पुरुषांच्या बाजूला होतो. वडिलांबरोबर."

"मग पदर, सर?"

"छापणाऱ्याची चूक असेल."

इतक्यात बाई भाजलेल्या शेंगा घेऊन आतून आल्या. त्यांनी अर्धंच ऐकलं असावं. सहज म्हणाल्या, "वडलांबरोबर कुठलं? मामंजी तर हे पाळण्यात असतानाच गेले की. माहूरचा नवस सासूबाईंचा होता. रेणापुरात रेणुका आहे, तरी ह्यांना घेऊन माहूरला चालत गेल्या. सासूबाई लई सांगायच्या ते."

बाईंना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं. त्या शेंगा ठेवून आत गेल्या.

मग सर बोलले, आणि बोलताना त्यांची कॉलेजातली भाषा हळूहळू गळून पडली. "मी काय मांडीवरचं पोर नव्हतो. शाळंत जात होतो. पुरुषाच्या बाजूला सोड म्हणून लई रडलो. पण आई सोडंना. गर्दीत हरवशील म्हणायची. पलीकडं आमच्या गावची पोरं व्हती. त्यांनी मधल्या कापडी कनातीखालून बघितलं मला. जत्रा संपंपर्यंत, अन् गावाकडं आल्यावर बी, मला 'बाई' म्हणून हाक मारायची."

"सर, पण हीच तर मोठी गोष्ट आहे. तुमचं चुकलंच नाही. तुम्ही खरं तेच लिहिलं."

"तू हे बोलू नको."

"मग मी काय बोलू? लोक आता सिनेमा बघणार. दिशा उलटी दिसणारच सगळ्यांना. म्हणतील, सरांनी न बघता लिहिलं. म्हणतील, कुठून तरी उचललं."

"म्हणू देत." सरांनी माझ्याकडं बघितलं. "उचललं म्हण. विसरलो म्हण. काय म्हणायचं ते म्हण. चाळीस वर्षं मी लोकांना हा सिनेमा बायकी, तो सिनेमा बायकी म्हणत आलो. आता सांगू, की ज्याच्यावर माझा सगळ्यात गाजलेला लेख, तो सिनेमा मी बायांत बसून बघितला?"

मी शेंगा न खाता उठले. परतीच्या एसटीत मला सरांचा इतका राग आला की अहमदपूरला गाडी थांबली, तरी मी खाली उतरले नाही. हा माणूस चोर ठरायला तयार होता, पण आईशेजारी बसलेला मुलगा ठरायला तयार नव्हता. आणि मला त्यांनी काय शिकवलं होतं? माझ्या लेखांतलं प्रत्येक रडणं त्यांनी खोडलं होतं. तेव्हा मला वाटायचं, यांना रडणं कळत नाही. आता वाटलं, यांना ते चांगलंच कळत होतं, ते कुठल्या बाजूनं येतं हेही ठाऊक होतं. माझ्या आवडीनिवडींतल्या किती माझ्या आणि किती त्या हसणाऱ्या पोरांच्या भीतीनं घडलेल्या, याचा मला आता भरवसा राहिला नाही. ज्या जुन्या सिनेमांना मी मोठं म्हणत आले, ते खरंच मोठे होते, की त्यांत बाया कमी रडत होत्या म्हणून मोठे?

कार्यक्रमाच्या दिवशी आईनं वेगळाच घोळ घातला. सिनेमा बदललाय हा तिचा संशय मी दूर केला होता, निदान मला तसं वाटत होतं. पण तिनं आपल्या भजनी मंडळातल्या माहूर-किनवटकडच्या तेवढ्या बाया निवडून साक्षीदार म्हणून हॉलवर आणल्या. "आमी साऱ्याजणींनी बघितलाय. आता खरं-खोटं हुईल," असं दारातच सोसायटीच्या सेक्रेटरीला बजावून त्या तिसऱ्या रांगेत ओळीनं बसल्या. सर पहिल्या रांगेत होते. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, नजर मिळवली नाही.

सिनेमा सुरू झाला. नायक जेवायला बसला तशी तिसऱ्या रांगेत खळबळ उडाली. "अगं बया, उजव्या हातानं जेवून राहिला की!" कॉलेजची पोरं-पोरी हसली. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यांची गंमत आहे. शेवटी बाई माळरानावरून डावीकडून उजवीकडे निघून गेली आणि दिवे लागले. तेव्हा हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, कारण आलेल्यांतल्या निम्म्या लोकांनी तो लेख वाचलेला होता.

सत्कार झाला. सरांना आणि मला व्यासपीठावर बसवलं. सर आधी बोलले. आवाज स्थिर होता. ते म्हणाले, "आपण सर्वांनी पाहिलंच. माझ्या लेखात दिशेची चूक झाली आहे. लहानपणी पाहिलेल्या गोष्टी स्मृती बदलून टाकते. माझं ते वाचन आता टिकत नाही. नव्या आवृत्तीतून मी तो लेख मागे घेतो आहे."

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एवढा मोठा माणूस आणि केवढा प्रांजळपणा, असं म्हणत काहीजण उभे राहिले. त्या हॉलमध्ये सर खोटं बोलले हे मला एकटीला माहीत होतं, आणि त्यांच्या खरेपणासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मला बोलायला बोलावलं. मी तयार केलेलं भाषण बाजूला ठेवलं. सरांचं गुपित फोडायचं नाही हे मी ठरवलं होतं, पण तो लेख असा मरू द्यायचा नाही हेही ठरवलं होतं. मी म्हणाले, "हा लेख चूक आहे असं मला वाटत नाही. हा सिनेमा आमच्या भागात ज्या तंबूत लागायचा, त्या तंबूतल्या पडद्याला दोन बाजू होत्या." मग मी सगळं सांगितलं. मधोमध पडदा, बादलीनं पाणी, पलीकडं बसलेल्या बाया. एका बाजूला बाई पुढं जाते, दुसऱ्या बाजूला तीच बाई मागं फिरते. दुसऱ्या बाजूला बसणाऱ्यांनी आजवर एक ओळ लिहिलेली नाही, म्हणून आपण फक्त पहिल्या बाजूचा सिनेमा अभिजात मानतो. हा एकच लेख मला असा दिसतो, जो त्या दुसऱ्या बाजूची साक्ष देतो. तो कसा लिहिला गेला हे मला विचारू नका. सरांचं नाव मी त्यात कुठंच घेतलं नाही.

आणि मग मी विचारलं, "त्या बाजूला बसून ज्यांनी सिनेमा बघितला असे कोणी आज इथं असतील, तर हात वर करा."

आईचा हात पहिला वर गेला. मग तिच्या शेजारणीचा. मग तिसऱ्या रांगेत एकेक करत सगळे हात वर झाले, बांगड्यांसकट. मागून आणखी दोन बायांचे हात आले, ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो. आणि भज्यांत रस असलेले आमचे निवृत्त मास्तर कोपऱ्यातून उभेच राहिले. "मी बी. आजीसंगं. चांगला मिशा फुटंपर्यंत तिकडंच बसलो, तिकडं भांडणं कमी व्हायची." हॉल हसला, मास्तरही हसले, आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

सर माझ्या पाठीमागं बसले होते. मी माइकशी उभी होते. मागं वळून बघणं म्हणजे बोट दाखवल्यासारखं झालं असतं, म्हणून मी वळले नाही. हात खाली गेले, मी दोन वाक्यं बोलून आटोपतं घेतलं. खाली उतरेपर्यंत सरांना लातूरला नेणारी गाडी दारात लागली होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "बरं बोललीस" म्हणाले आणि गेले.

आम्ही रिक्षानं घरी निघालो. माझ्या मनात सारखं तेच होतं. मास्तर उभे राहिले, जग कोसळलं नाही, तरी सर बसून राहिले. मी आईला म्हटलं, "त्यांनी हात वर केला नाही ना? तू तर समोरच होतीस."

"केला की," आई म्हणाली. "येवढासा. खांद्यापतुर आला, मंग खाली घेतला."

मला खरं वाटेना. मला बरं वाटावं म्हणून आई बेधडक खोटं बोलते, लहानपणापासून बोलत आली आहे. हॉलमधल्या एकीला मी आधीच विचारलं होतं, ती म्हणाली होती, सर चष्मा सावरत होते.

"चष्मा सावरत असतील, आई."

"चष्मा सावरणारा माणूस आधी इकडं-तिकडं बघत न्हाई," आई म्हणाली, "कुणी बघून राहिलं का म्हणून."